कोऱ्या सामन्यात बोललेला माणूस

लिंडेन ब्लफ, आयोवा
५ एप्रिल १९८४

ती. आल्बिनाताईस,
लॅडचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी, दोन्ही पोचली. निम्मी संत्री आमच्या सौ. लोरेटाने शेजारीपाजारी वाटली, उरलेली तुझ्या नातवाने एका बैठकीत संपवली, माझ्या वाट्याला फक्त वास आला. इकडे अजून बर्फ पुरता गेलेला नाही. तू तिकडे ॲरिझोनात अंगणात बसून लिंबूपाणी पितेस, हे पत्रात दोनदा लिहायची खरं तर काही गरज नव्हती.

मंगळवारी मैदान इतकं ओलं होतं की पोरांचे बूट मातीतून निघेनात. मग माती वाळवायचा आपला नेहमीचा उपाय, पेट्रोल शिंपडून पेटवून दिली. धूर बघून कॉलेजातल्या एका नव्या बाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. बंब घेऊन आला कोण, तर आपला एल्मर! माझ्या बेसबॉल संघाचा सुरुवातीच्या वर्षांतला पिचर, चेंडू टाकणारा, आता दलाचा प्रमुख. खाली उतरला, टोपी काढली आणि अजून थोडं पेट्रोल लागेल का म्हणून विचारायला लागला. त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर ताई, हे माझं शेवटचं वर्ष. अडतीस वर्षं पोरांना चेंडू टाकायला शिकवलं, आता बस झालं. प्राचार्यांनी ऑगस्टमध्ये निरोपाचा बेत केलाय, मैदानाला माझं नाव देणार म्हणे. मी सांगितलं, नाव द्यायचं तर द्या, भाषणं मात्र करू नका. पण तुझ्यापासून काय लपवायचं? मला मैदान नकोय, मला चषक हवाय. आमच्या गटाचं विजेतेपद एकदाही हाती लागलेलं नाही. चार वेळा अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि चारही वेळा हात हलवत परत आलो. कॉलेजच्या काचेच्या कपाटात बेसबॉलच्या खणात माझ्या मदतनिसाने, व्हर्नने, कॉफीचा डबा ठेवलाय. लोकांना वाटतं तोच चषक.

या वर्षी जमेल असं वाटतंय, आणि ते तुझ्या नातवाच्या, कर्टिसच्या उजव्या हातावर आहे. त्याच्या तोंडावर मी कौतुक करत नाही, मैदानावर तो मला कोच म्हणतो आणि मी त्याला संघातल्या सगळ्यात कच्च्या पोरासारखं धावायला लावतो. रविवारी मात्र लॅडआजोबा, लॅडआजोबा करत येतो आणि लोरेटाचे डम्पलिंग हाणतो. एका मोठ्या व्यावसायिक संघाचा, नवे खेळाडू हेरणारा पारखी दोनदा येऊन त्याला बघून गेला. दोन वर्षांपूर्वी तू त्याला ट्रंकेसकट माझ्या दारात उभा केलास आणि बजावलंस की पोरगा अंगाने आणि मनाने धड परत पाहिजे. ते मी विसरलेलो नाही. काळजी नसावी.

लोरेटाचा नमस्कार. तुझा रागही चालतो, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
लॅड


टूसॉन, ॲरिझोना
१६ एप्रिल १९८४

चि. लॅड यास,
आल्बिनाचे अनेक उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं. लिंबूपाणी मी दोनदा नाही, तीनदा लिहिलं होतं, तू चष्मा बदल.

चषकाचं म्हणतोस, तर मोठी बहीण म्हणून स्पष्ट सांगते. तुझं कपाट रिकामं का राहिलं, हे अख्ख्या आयोवाला माहीत आहे. जरा कुठे पिचरने खांदा चोळला की तू चाललास त्याला सामन्यातून काढायला. त्या पलीकडच्या कॉलेजचा हॉलिस बघ, तो पोरांकडून रक्त येईपर्यंत चेंडू टाकून घेतो आणि वर्षाआड चषक घेऊन जातो. मी तुला खळ्यातल्या कोठाराच्या भिंतीवर चेंडू टाकायला शिकवलं तेव्हा अंधार पडेपर्यंत सोडत नव्हते. मेलास का? यंदा तरी जरा छाती दाखव.

बाकी तुझी सगळी खुळं मला पाठ आहेत. चुन्याच्या रेघेवर पाय द्यायचा नाही, जिंकत असताना मोजे धुवायचे नाहीत. लोरेटा स्वर्गात जाईल ती त्या मोज्यांमुळेच. आणि ते मौनाचं! परवा रेडिओवर सामना चालला होता. पिचरने सहा डावांत समोरच्यांना एकही फटका मारू दिलेला नव्हता. शेजारीण माझ्याकडे बसली होती, तिला खेळातलं ओ का ठो कळत नाही. तिला मी समजावलं की याला कोरा सामना म्हणतात, आणि तो चालू असताना पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही, त्या गोष्टीचं नावसुद्धा काढत नाही, नाहीतर दृष्ट लागते. आणि सांगून होईतो रेडिओवर फटका बसला! म्हणजे मीच बोलले की. तिला घालवून दिलं. माझ्या भावाने एका पोराला एवढ्यासाठी बसमधून उतरवून घरी चालत पाठवलं होतं, हेही तिला सांगितलं. तिला तू वेडा वाटलास. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता.

कर्टिसची आई लवकर गेली, बाप ट्रक घेऊन कुठे असतो ते त्याला तरी माहीत आहे का, देव जाणे. पोराकडे आहे काय, तर तो हात. त्या पारख्याने त्याला उचललं की मी डोळे मिटायला मोकळी. तेव्हा लॅड, जिंका. सामन्याच्या दिवशी मी फोनपाशी बसून राहीन.

सौ. लोरेटाला आशीर्वाद. आमच्यावरचं प्रेम आहे तसंच ठेवा, वाढवलंत तर वजन मला पेलेल.

तुझी बहीण,
आल्बिना


लिंडेन ब्लफ
१४ मे १९८४

ती. आल्बिनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

लोरेटाने तुला फोनवर निकाल सांगितलाच आहे आणि तू फोन आपटलास तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत आला. पण काय झालं ते माझ्याकडून ऐक. कर्टिस बसने निघालाय, हे पत्र पोचेल तेव्हा तो तुझ्या घरी असेल.

शनिवारी अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता, हॉलिसच्या संघाशी. गावातली दुकानं बंद, माणसं गवतावर, झाडावर, धान्याच्या ट्रकच्या टपावर. पारखी, बॅट घेऊन उभं राहतात त्या होम प्लेटच्या मागे वही घेऊन बसलेला. आणि ताई, तुझा नातू काय खेळला! असा चेंडू टाकताना मी माझ्या आयुष्यात कुणाला बघितलेलं नाही. त्यांची तगडी तगडी पोरं येत होती, हवेत बॅट फिरवत होती आणि मान खाली घालून परत जात होती. दुसऱ्या डावात आम्ही एक धाव काढली आणि तेवढ्यावर सगळं चाललं होतं. नऊ डावांतला पाचवा झाला, सहावा झाला, त्यांना एक फटका नाही. कोरा सामना.

आमच्या बाकड्यावर चिडीचूप. कर्टिस टोकाला एकटा बसलेला, खांद्यावर टॉवेल. त्याच्या अलीकडे सात-आठ माणसांची जागा रिकामी. कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. पाणी द्यायचं तर भांडं लांबून सरकवत होते. हे सगळं मीच शिकवलेलं, मीही जमिनीकडे बघत उभा होतो.

पण भांडं त्याने डाव्या हाताने उचललं. मी ते पाहिलं. सातव्या डावात चेंडू टाकून झाला की बोटं पँटला पुसायचा, घाम नसताना पुसायचा. कोपर इंचभर खाली आलेलं. चेंडू अजून सपासप जात होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, व्हर्नच्याही नाही. हॉलिसच्या तर आलं नसतंच. सातवा डाव संपला, तो येऊन पुन्हा टोकाला बसला आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिला.

ताई, मी तिथे उभा राहून दोन गोष्टींत अडकलो. पिचरशी बोलायचं नाही, हा नियम मी अडतीस वर्षं पाळला. आणि पिचरच्या हाताला काही होतंय असं वाटलं तर विचारायचं, हा नियमही अडतीस वर्षं पाळला. दोन्ही एकदम कधी समोर आले नव्हते. मी निघालो. व्हर्नने माझी बाही धरली, मी सोडवली. पोरं अशी बाजूला सरकली की जणू मी हातात बंदूक घेऊन चाललोय. जाऊन कर्टिसच्या शेजारी बसलो आणि हात कसा आहे म्हणून विचारलं.

त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ठीक आहे म्हणाला. मी मूठ आवळायला सांगितली, त्याने आवळली, उघडली. ठीक आहे, कोच, असं पुन्हा म्हणाला. मी त्याला म्हटलं, कोट घाल, तुझं काम झालं.

मग मी आमच्या दुसऱ्या पिचरला, मिलोला पाठवलं. मिलो भला पोरगा आहे, गाईंच्या धारा काढून सामन्याला येतो, पण त्याचा चेंडू वाटेत पत्ता विचारत जातो. आठवा डाव त्याने निभावला. नवव्यात दोन फटके बसले आणि दोन धावा गेल्या. आम्ही हरलो. पारखी त्याआधीच वही मिटून निघून गेला होता. हॉलिसने माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला, आणि तो हसत होता की नाही हे मी बघितलं नाही.

कर्टिस त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. बसवर सोडायला मी गेलो होतो. ट्रंक मी उचलली, त्याने ती माझ्या हातून घेतली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला.

त्याला चार दिवस झोपू दे. काय बोलायचं ते मला बोल, त्याला नको. तुझ्या शिव्या येतीलच, पाठोपाठ लोभही येऊ दे.

लॅड


टूसॉन
२१ मे १९८४

लॅड,

या खेपेला आशीर्वाद कोरडेच आहेत, पण आईने घालून दिलेली रीत आहे म्हणून अ. उ. आ.

दोन डाव राहिले होते रे! दोन! पोरगा म्हणतोय की त्याचा हात ठीक होता. तू विचारलंस, त्याने सांगितलं, तरी तू त्याला खोटं पाडलंस, सगळ्या गावासमोर आणि त्या पारख्यासमोर. असा मधेच उठवलास त्याला! तुला काढायचंच होतं तर बोललास कशाला? आणि विचारलंस तर त्याचं ऐकलं का नाहीस?

इथे आल्यापासून अंगणात बसून असतो. सकाळी उठतो, बसतो. जेवायला बोलावलं की येतो, ताट पुसून ठेवतो, परत जाऊन बसतो. मी तुझं नाव काढलं की उठून आत जातो. टायरच्या दुकानात नोकरी बघितलीय, परत लिंडेन ब्लफला जायचं नाही म्हणतो. शिक्षण गेलं, खेळ गेला. मी तुझ्या हवाली केला होता तो हा असा परत आला.

आयुष्यभर तू भित्रा होतास. मी खळ्यात अजून दहा म्हटलं की तू आईकडे पळायचास. स्वतःचा चषक घालवलास ते तुझं तू बघ, त्याचा का घालवलास? मी त्याला इथल्या हाडांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. हात ठणठणीत आहे असं त्यांच्याकडून वदवून घेणार आहे आणि तुला कळवणार आहे, मग बघते तू कुठे तोंड लपवतोस.

लोरेटाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिला जास्त प्रेम, तुला नेहमीपेक्षा पुष्कळ कमी.

आल्बिना


लिंडेन ब्लफ
२९ मे १९८४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लोरेटाने आधी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून स्वतः बागेत निघून गेली, त्यावरूनच ओळखलं.

तू एकटी नाहीस. गस न्हावी तीस वर्षांत पहिल्यांदा माझे केस कापताना गप्प होता, आणि कापलेही तसेच. कॉफीच्या दुकानातली व्हिओला मला ऱ्हूबार्बच्या आंबट सारणाची ‘पाय’, माझं नेहमीचं गोड, द्यायला विसरते, ताटली समोर दिसत असताना विसरते. फादर क्लेमेंटनी रविवारी, जिथे गप्प बसावं तिथे जे बोलतात त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. गंमत अशी की पोराला काढलं याचा राग फार कुणाला नाही. मी बोललो, याचा आहे! काढायचं होतं तर लांबून बोटाने खूण करायची, असं गसने शेवटी पैसे घेताना ऐकवलंच.

डॉक्टरकडे जरूर ने. पण त्यांनी काहीही सांगितलं तरी माझं म्हणणं बदलणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो. उद्या तोच सामना पुन्हा झाला तर मी पुन्हा तेच करीन. पोरं हात ठीक आहे असंच सांगतात. वीस वर्षांचा पोरगा, कोरा सामना, समोर पारखी, तो दुसरं सांगेल कशाला? मीही नसतं सांगितलं. म्हणून तर कोच ठेवायचा असतो. हात त्याचा आहे, तो त्याला पुढे पन्नास वर्षं वापरायचाय. मला त्याचा उपयोग फक्त दोन डाव होता.

भित्रा म्हणालीस, ठीक आहे. चषक गेला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. रोज वाटतं. तो कॉफीचा डबा बघवत नाही. पण तू लिहिलंस ना, नाव काढलं की उठून जातो, त्यापुढे बाकीचं सगळं किरकोळ आहे. मी त्याला दोनदा लिहिलं. उत्तर नाही. शिव्या देऊ दे, पण बोलू दे ग.

ऑगस्टच्या अठराला निरोपाचा कार्यक्रम आहे. तू यावंस. तोही यावा. तो येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगून बघ.

पुष्कळ कमी केलेलं प्रेमसुद्धा मोजून घेतलं आणि पुरेल असं दिसतंय.

लॅड


टूसॉन
२० जून १९८४

चि. लॅड यास,
अ. उ. आ.

कर्टिसला डॉक्टरकडे नेलं. म्हातारा मोठा खडूस निघाला. हात वाकवून बघितला, दाबून बघितला, फोटो काढले. हाड शाबूत, शिरा शाबूत, कोपर उत्तम. कर्टिस म्हणाला की दुखत नाही. मी मनात तुला लिहायचं पत्र तयारच केलं, त्यातली दोन वाक्यं तर फारच झोंबणारी होती.

पोरगा सदरा घालायला आत गेला तेव्हा मी डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, म्हणजे माझा भाऊ चुकला, बरोबर ना? ते म्हणाले, ते मला कसं कळणार? माझ्याकडे मोडलेले हात येतात. न मोडलेले येत नाहीत. हा का मोडला नाही ते तुमच्या भावाला विचारा. आणि चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, अहो, पण तो मोडणार होता का? म्हणाले, बाई, आज तो धड आहे, तुम्ही घरी जा.

घरी आले. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तसं समजू नकोस. पण ती झोंबणारी वाक्यं काही लिहिवेनात.

कार्यक्रमाला येईन. तुझ्यासाठी नाही, लोरेटासाठी येईन. कर्टिसला विचारलं, तो टायरच्या दुकानात जायची वेळ झाली म्हणून निघून गेला. रविवार होता.

लोरेटाला आशीर्वाद. तुझ्या खात्यावर थोडं प्रेम परत जमा केलंय, लगेच खर्च करू नकोस.

आल्बिना


लिंडेन ब्लफ
२ जुलै १९८४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर मला आवडले. त्यांना माझा नमस्कार सांग.

तू जे विचारलंस ते मीही स्वतःला विचारतो आणि त्याला उत्तर नाही. वाचवलेला हात आणि ज्याला कधी काही होणारच नव्हतं असा हात, दोन्ही सारखेच दिसतात. अडतीस वर्षं मी जे काम केलं ते असंच आहे, दाखवायला काही नाही. हॉलिसकडे चषक आहेत, ते तरी पुसून ठेवता येतात. तरी सांगतो, मला माझ्या कामाची लाज नाही. एका दिवसाचीही नाही.

तुझी खोली तयार आहे. लोरेटाने तुझ्यासाठी खसखशीच्या कोलाच्यांचं, त्या गोड पावांचं, पीठ भिजवायचा दिवससुद्धा ठरवून ठेवलाय. ये, भांडायला ये, पण ये.

लॅड


लिंडेन ब्लफ
१९ ऑगस्ट १९८४

चि. कर्टिस यास,
आजीचे अनेक उ. आ.

मी सुखरूप पोचले. फ्रीजमधलं मटण संपव, नाहीतर वास मारेल. लिंबाच्या झाडाला पाणी घाल. आता हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचू नकोस.

काल कार्यक्रम झाला. मैदानाच्या फाटकावर लॅडचं नाव कोरलेली पाटी लावली, प्राचार्यांनी कापड ओढलं, ते अडकलं, व्हर्नने शिडीवर चढून काढलं. भाषणं नकोत असं लॅडने बजावलं होतं म्हणून प्राचार्य चारच वाक्यं बोलले आणि मला वाटलं झालं, आता कॉफी. तेवढ्यात तो एल्मर उठला, आगीच्या बंबावरचा. त्याने भोंगा तोंडाशी धरला आणि लॅडच्या हाताखालच्या सगळ्या पिचरांनी मैदानात यावं म्हणून सांगितलं. हे त्यानेच जमवलं होतं, दोन महिने फोन करून. लॅडला पत्ता नव्हता.

अरे, काय माणसं उठली! गवतावरून, गाड्यांमधून, कॉफीच्या टेबलापासून. पहिल्या वर्षापासून ओळ लावली. पार तिसऱ्या बेसच्या पलीकडे गेली. एल्मरने लॅडच्या हातात कॅचरचा हातमोजा दिला. तुला ठाऊक असेल, तरुणपणी तो पिचरचे चेंडू झेलायचा, कॅचर होता. लोरेटा ओरडली, गुडघे, लॅड, गुडघे! पण ऐकतोय कोण. सासष्ट वर्षांचा माणूस होम प्लेटच्या मागे उकिडवा बसला आणि त्याने मोजा वर धरला.

एकेकाने येऊन एक चेंडू टाकायचा, एवढंच. पहिला एक म्हातारा आला, ‘रे’ त्याचं नाव, कानात यंत्र, साठी उलटलेली. त्याचा चेंडू दोन टप्पे घेत आला, पण सरळ आला. मग एक दाताचा डॉक्टर आला, न्यायाधीश आला. डुकरं पाळणारा एक ढेरपोट्या आला, त्याला स्वतःचे बूट दिसत नसतील, त्याने असा चेंडू टाकला की मोज्याचा आवाज चर्चपर्यंत गेला असेल. एल्मर, मग कोणी शिक्षक, कोणी विमा विकणारा. टकले, पांढरे, जाडे. कुणाचा चेंडू वाकडा गेला, कुणाचा अलीकडेच पडला, आणि लोक हसत होते. पण खांद्याला हात लावून मागे हटला असा एकही नाही. बायकापोरं ओरडत होती. एकाने आपल्या नातीला कडेवर घेऊन टाकला.

माझ्या पुढच्या रांगेत तो हॉलिस बसला होता, बायकोबरोबर. आला होता बरं का, चांगला कोट घालून. मग बायकोकडे वळून म्हणाला की, मी माझ्या पिचरांना अशी ओळ करायला बोलावलं असतं, तर निम्म्यांना डाव्या हाताने टाकायला लागलं असतं. मी मागे बसून ऐकलं आणि मला रडू फुटलं. मी लॅडला भित्रा म्हटलं होतं, कर्टिस, पत्रात लिहून पाठवलं होतं. मला फार लाज वाटली.

शेवटी मिलो आला. त्याचा चेंडू पोचला एकदाचा. ओळ संपली. लोक टाळ्या वाजवत उठले, कॉफीकडे निघाले. पण लॅड उठेना. मोजा तसाच वर धरून बसलेला. लोकांना वाटलं गुडघे धरले, व्हर्न आणि एल्मर धावले. त्याने त्यांना हाताने लांब राहा म्हणून खूण केली. समोर कुणी नव्हतं, नुसता पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा. तिथे नजर लावून बसला होता. दोन वर्षं मिलोच्या बरोबरीने कोण टाकत होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मग लोरेटा गेली आणि तिने त्याला उठवलं.

रात्री जेवताना त्याने तुझा विषय काढला नाही. मी काढला. तो म्हणाला, त्याला म्हणावं माझ्याशी भांड, माझं चुकलं म्हण, काय वाटेल ते म्हण. आणि बशी उचलून आत गेला, आणि आत बराच वेळ नळ चालू होता.

तुला काय करायचं ते तू ठरव, बाळ. तू आता मोठा आहेस. टायरचं दुकानही वाईट नाही. त्याचं बरोबर होतं असं तू म्हणावंस, असंही माझं म्हणणं नाही, मला स्वतःला अजून कळलेलं नाही. पण तुझ्या जिवाची ज्याला त्याच्या चषकाहून जास्त पडली होती, त्याला तू तीन महिने एक शब्द दिलेला नाहीस. हे मला बघवत नाही. कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होतंय. व्हर्न आता कोच आहे आणि त्याने तुझ्या सदऱ्यावरचा नंबर कुणाला दिलेला नाही.

मी अजून पंधरा दिवस इथे आहे. आजीवर रागावलास तर रागाव, पण पोटभर जेवत जा.

तुझी आजी,
आल्बिना


टूसॉन
२४ ऑगस्ट १९८४

ती. लॅडआजोबांस,
कर्टिसचा सा. न. वि. वि.

आजीचं पत्र मिळालं. मंगळवारच्या बसने येतो आहे.

तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हात ठीक नव्हता. सहाव्या डावापासून दोन बोटांना चेंडू जाणवतच नव्हता, आणि तिथे बसल्या बसल्या मला वाटत होतं की कुणीतरी येऊन विचारावं.

आजीला मी आल्यावर सांगतो. लोरेटाआजींना नमस्कार. माझ्यावर लोभ होता तसा अजून असेल, असं धरून निघतो आहे.

आपला,
कर्टिस